जुन्या लाउडस्पीकरांतले कॅपॅसिटर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण १९६० ते १९९० या काळात बनलेले, घरात गाणे ऐकायला वापरले जाणारे लाउडस्पीकर एवढाच इथला विषय आहे. वडिलांनी घेतलेले सोनोडाइन किंवा कॉस्मिक, काकांनी आखातातून आणलेले सान्सुई किंवा पायोनियर, चोरबाजारात मिळालेले जेबीएल, अशा स्पीकरांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्पीकरमध्ये कॅपॅसिटर कशाला लागतो? तो तर ॲम्प्लिफायरमध्ये असतो ना?

ॲम्प्लिफायरकडून येणाऱ्या दोन तारांत खर्जापासून अतितारापर्यंत सगळा आवाज एकत्र असतो. तो वूफर (खर्ज वाजवणारा मोठा भाग) आणि ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) यांच्यात वाटून देण्याचे काम डब्याच्या आत बसवलेला क्रॉसओव्हर करतो. ट्वीटरची कॉइल फार बारीक तारेची असते. डग्ग्याचा घुमारा थेट तिच्यावर गेला तर ती जळते. म्हणून ट्वीटरच्या वाटेवर कॅपॅसिटर बसवतात. तो खालच्या वारंवारता अडवतो आणि वरच्या जाऊ देतो. ८ ओहमच्या ट्वीटरला ४ मायक्रोफॅरडचा (मायक्रोफॅरड हे कॅपॅसिटरच्या क्षमतेचे एकक) कॅपॅसिटर लावला तर ही सीमा सुमारे ५००० हर्ट्झवर पडते. स्वस्तातल्या बऱ्याच स्पीकरांत क्रॉसओव्हर म्हणजे तेवढा एकच कॅपॅसिटर असतो.

२. आत हलणारा भागच नाही, मग तो खराब कसा होतो?

त्या काळच्या बहुतेक स्पीकरांत ‘बायपोलर इलेक्ट्रोलिटिक’ कॅपॅसिटर आहेत. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मधे रसायनात भिजवलेला कागद, सगळ्याची गुंडाळी, आणि टोकाला रबराचे बूच. वर्षानुवर्षे त्या बुचातून ओल निघून जाते. उष्णतेने हे लवकर होते. इलेक्ट्रोलिटिकच्या बाबतीत तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते असा हिशोब धरतात. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर वीस उन्हाळे काढलेला स्पीकर आणि दिवाणखान्यात वाजत राहिलेला स्पीकर यांत म्हणूनच फरक सापडतो.

बिघाड दोन प्रकारचा असतो. एक, किंमत, म्हणजे मायक्रोफॅरडचा आकडा, सरकते. ती कमीच होईल असे नाही, छापील आकड्यापेक्षा वाढलेलीही पुष्कळदा मिळते. वरच्या उदाहरणातला ४ मायक्रोफॅरड ५ झाला तर सीमा ५००० वरून ४००० हर्ट्झवर उतरते आणि ट्वीटरला न झेपणारा भाग त्याच्या वाट्याला येतो. दोन, कॅपॅसिटरचा स्वतःचा आंतरिक रोध वाढतो. याला दुकानात आणि पुस्तकात ‘ईएसआर’ म्हणतात. ८ ओहमच्या ट्वीटरच्या वाटेत १ ओहम जास्तीचा आला की त्याचा आवाज जवळपास १ डेसिबलने घटतो.

३. नुसतं ऐकून ओळखता येईल का?

पुष्कळदा येते, पण ‘आवाज जुनाट वाटतो’ एवढ्यावर जाऊ नका. बिघाड इतका हळू येतो की रोज ऐकणाऱ्याच्या कानाला त्याची सवय होते. दोन स्पीकरांची एकमेकांशी तुलना करा. एकाच गायकाचे मोनो ध्वनिमुद्रण लावा. आवाज दोन्ही डब्यांच्या बरोबर मधे उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला कलत असेल, किंवा तानपुऱ्याची जवारी एकाच डब्यातून झगझगत असेल, तर ॲम्प्लिफायरकडच्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करा. अदलाबदलीनंतरही मंदपणा त्याच डब्यात राहिला तर दोष स्पीकरचा. तो दुसऱ्या डब्यात गेला तर ॲम्प्लिफायर किंवा त्याच्याही मागे शोधा.

दोन्ही कॅपॅसिटर सारखेच थकले असतील तर ही युक्ती चालत नाही. मग मोजावेच लागते (प्रश्न ६).

४. माझ्या स्पीकरात कोणत्या प्रकारचे आहेत हे बघून कसं कळणार?

ॲल्युमिनियमची नळी, वर प्लॅस्टिकचे आवरण, टोकाजवळ गोल खाच आणि रबरी बूच असेल तर तो इलेक्ट्रोलिटिक. त्यावर ‘एनपी’, ‘बीपी’ किंवा ‘बायपोलर’ असे छापलेले असते, अधिक-उणे असे टोक दाखवलेले नसते. चपटी किंवा गोल वडी, पिवळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली, दोन्ही टोकांना कडक राळ भरलेली, तर तो फिल्म म्हणजे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. पत्र्याचा चौकोनी डबा असेल तर हात लावण्याआधी प्रश्न १५ वाचा.

५. स्पीकर उघडलाच आहे तर सगळेच बदलून टाकू का?

नाही. फिल्म कॅपॅसिटरला वाळण्यासारखे आत काही नसते. चाळीस-पन्नास वर्षांनंतरही ते बहुधा छापील आकड्याच्या जवळच मोजले जातात. ते बदलून पैसे जातात आणि मूळ वस्तू विनाकारण विस्कटते. क्रॉसओव्हरमधल्या तारेच्या कॉइलही म्हाताऱ्या होत नाहीत. ‘आणखी जाड तारेची घालू’ या मोहात पडू नका, कारण कॉइलचा रोध बदलला की वूफर आणि ट्वीटर यांचा मूळ तोल बदलतो. क्रॉसओव्हर बनवणाऱ्याने त्याच खोक्यावर, त्याच ड्रायव्हरांबरोबर (म्हणजे वूफर, ट्वीटर) बसून तो तोल साधलेला असतो. तो परत मिळवणे हे आपले काम. बदलायचे ते इलेक्ट्रोलिटिक, आणि तेही मोजून. एका डब्यातला निकामी निघाला तर दुसऱ्या डब्यातलाही त्याच वेळी बदला, नाहीतर जोडी जुळत नाही.

६. मोजायचं कसं? साधा मल्टिमीटर चालेल का?

कॅपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर किंमत सांगेल, आंतरिक रोध सांगणार नाही. शक्य असेल तर १ किलोहर्ट्झवर मोजणारा एलसीआर मीटर (कॉइल, कॅपॅसिटर आणि रोध तिन्ही मोजणारा) मिळवा. कॅपॅसिटरचा निदान एक पाय सोडवल्याशिवाय मोजू नका, कारण क्रॉसओव्हरवर शेजारच्या कॉइल आणि ड्रायव्हर त्याच्याशी जोडलेले असतात आणि मीटर भलताच आकडा दाखवतो.

छापील किमतीच्या १० टक्क्यांच्या आत आणि दोन्ही डब्यांत सारखा असेल तर मी तो राहू देतो. मोजण्याआधी बूचही नीट बघा. रबराला भेगा, पायाच्या मुळाशी चिकट तपकिरी थर, तारेवर हिरवट बुरशीसारखी पूड दिसली, तर आकडा बरोबर असूनही तो बदला. ओल बाहेर पडायला लागल्याची ती खूण आहे. कोकणात आणि मुंबईत किनाऱ्यालगत राहिलेल्या स्पीकरांत ती हिरवी पूड जोडणीच्या पट्ट्यांवरही असते. तीही खरवडून साफ करावी लागते.

७. नवा किती मायक्रोफॅरडचा घ्यायचा? छापलेला आकडा की मोजलेला?

छापलेला. मोजलेला आकडा हा बिघाडाचा आकडा असतो. अडचण अशी की जुन्या किमती आज दुकानात सरळ मिळत नाहीत. तेव्हा समांतर जोडणी कामाला येते, कारण समांतर जोडले की किमतींची बेरीज होते. जेबीएलच्या एल१०० मध्ये ३ आणि ८ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर आहेत. १.५ चे दोन जोडले की ३ होतात, ६.८ ला १.२ जोडला की ८. ‘३ च्या जागी ३.३ चालून जाईल’ असे कोणी म्हणेल, पण तो १० टक्के फरक झाला, आणि नव्या कॅपॅसिटरची स्वतःची तफावत त्यावर वेगळी. चार-पाच जास्तीचे विकत घेऊन मोजा आणि दोन्ही डब्यांसाठी १-२ टक्क्यांच्या आत जुळणारी जोडी निवडा.

८. आणि किती व्होल्टचा?

८ ओहमवर १०० वॉट म्हणजे सुमारे २८ व्होल्ट, शिखर ४० व्होल्टचे. घरात एवढे कोणी सतत वाजवत नाही. जुन्याइतका किंवा जास्त व्होल्टचा घ्या, कमीचा नको. १०० व्होल्टचा घेतला की विचारच करायला नको. ४०० व्होल्टच्याने आवाजात भर पडत नाही, फक्त आकार वाढतो.

९. नवा इलेक्ट्रोलिटिक घालू की महागडा पॉलिप्रॉपिलीन?

सगळ्यात जास्त पत्रे या प्रश्नाची येतात आणि ‘महाग तेवढे चांगले’ असे ठरवूनच ती लिहिलेली असतात.

पॉलिप्रॉपिलीन टिकाऊ आहे, त्याची किंमत सरकत नाही, आंतरिक रोध नगण्य असतो. हा शेवटचा गुणच घोळ करतो. मूळ रचनाकाराने इलेक्ट्रोलिटिक धरून ट्वीटरची पातळी ठरवली होती. त्या कॅपॅसिटरचा रोध नवा असतानाही काही दशांश ओहमपासून ओहमभरापर्यंत असायचा, म्हणजे तोही हिशोबात होता. त्या जागी रोध नसलेला फिल्म बसवला की ट्वीटर मूळपेक्षा थोडा चढा लागतो. पहिल्या दिवशी ‘वा, केवढा स्वच्छ!’ वाटते. पंधरा दिवसांनी व्हायोलिन टोचायला लागते आणि लोक लिहितात की स्पीकरचा गोडवा गेला.

उपाय सोपा आहे. फिल्मबरोबर एकसर जोडणीत छोटा तारेचा रोधक घाला. अर्ध्या ओहमपासून सुरुवात करून ऐकून ठरवा. त्याच मॉडेलचा नवा असतानाचा, कोणत्या वारंवारतेला किती आवाज येतो याचा आलेख किंवा न थकलेली दुसरी जोडी हाताशी असेल तर उत्तम.

माझे मत असे: ट्वीटरच्या वाटेवरच्या ८-१० मायक्रोफॅरडपर्यंतच्या जागी फिल्म आणि गरज पडल्यास रोधक, त्याहून मोठ्यांच्या जागी चांगल्या कंपनीचा नवा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक. वूफरला समांतर असलेल्या ५०-१०० मायक्रोफॅरडच्या जागी फिल्म घालायला गेलात तर तो क्रॉसओव्हरच्या पाटीवर मावणारही नाही. हातात पैसे कमी असतील तर सगळीकडे नवे इलेक्ट्रोलिटिक घाला. मूळ आवाजाच्या सगळ्यात जवळ नेणारा रस्ता तोच आहे, आणि पुढची वीस वर्षे तरी पुन्हा उघडावे लागू नये.

१०. रेडिओतला साधा, अधिक-उणे असलेला कॅपॅसिटर चालेल का?

एकटा नाही. स्पीकरमध्ये विद्युतप्रवाहाची दिशा सतत उलटते आणि ध्रुव असलेला कॅपॅसिटर उलट दाब सहन करत नाही. सारखे दोन घेऊन त्यांची उणे टोके एकमेकांना जोडली तर बायपोलरसारखे काम होते, पण किंमत निम्मी होते: १० चे दोन मिळून ५. तात्पुरते चालवायला ठीक, कायमचे नको.

११. छताच्या पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर घातला तर?

चालतो. पंख्याचा कॅपॅसिटर मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीनचाच असतो, ४४० व्होल्ट एसीसाठी बनवलेला, तफावत बहुधा ५ टक्के. २.५, ३.१५, ४ अशा किमती गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. नवाच घ्या, पंख्यातून काढलेला नको, कारण वापरात त्याची किंमत घटलेली असते. बसवताना नीट बांधा, आणि प्रश्न ९ मधले रोधकाचे सांगणे यालाही लागू आहे. मात्र पाण्याच्या मोटारीचा ‘स्टार्ट’ कॅपॅसिटर घेऊ नका. तो इलेक्ट्रोलिटिक असतो आणि क्षणभराच्या कामासाठीच बनवलेला असतो.

१२. मुंबई-पुण्यात कुठे मिळतील?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. ‘नॉन-पोलर’ असे मागा. ‘जुना पण न वापरलेला माल’ म्हणून इलेक्ट्रोलिटिक कोणी देऊ केला तर घेऊ नका. तो न वापरताही वाळतो.

१३. डबा उघडण्यापासून डाग देण्यापर्यंत (सोल्डरिंगपर्यंत) काय काळजी घ्यायची?

शॉकची भीती नको. विजेची पिन नसलेल्या स्पीकरात धोकादायक दाब साठत नाही. पिन असलेला स्पीकर मात्र वेगळा (प्रश्न १७).

डबा पाठीवर झोपवा, वूफरचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने सैल करा. वूफर चिकटून बसला असेल तर पेचकसाने उचकटू नका, कागदी कोन फाटतो. चौकटीच्या कडेखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून चहूबाजूंनी थोडे थोडे उचला. पूर्ण बंद डब्यांत कडेला काळा चिकट लांबी (पुटी) असतो. तो फेकू नका, हाताने मळून परत वापरता येतो. बंद डब्याची हवा हीच वूफरची स्प्रिंग असते, त्यामुळे परत बसवताना फट राहिली तर खर्ज ढिला होतो.

आत काचलोकर असेल तर हातमोजे आणि मास्क लावा, आणि ती जशी दाबलेली होती तशीच परत भरा.

एकही तार सोडवण्याआधी फोटो काढा. वरून एक, तिरका एक, आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या टोकांचा जवळून एक. कोणत्या टोकावर लाल ठिपका आहे तो फोटोत दिसला पाहिजे.

जाड पट्ट्यांवर डाग द्यायला २५ वॉटची सोल्डरिंग इस्त्री कमी पडते. ती बराच वेळ टेकवून ठेवावी लागते आणि तेवढ्यात शेजारचे प्लॅस्टिक वितळते. ५०-६० वॉटची वापरा आणि पटकन उचला. नवा कॅपॅसिटर पाटीवर सिलिकोनने चिकटवून वर पट्टीने बांधा. नुसता पायांवर लटकत ठेवला तर खर्जाच्या हादऱ्याने काही महिन्यांत पाय तुटतो. सिलिकोन आंबट वासाचे नको, त्यातले ॲसिड तांब्याला खाते.

१४. बदलल्यावर मधला आवाज पोकळ वाटतोय. कॅपॅसिटर उलटा बसला का?

बायपोलर आणि फिल्मला उलट-सुलट नसते. बहुधा ट्वीटरच्या तारा अदलाबदल झाल्या आहेत. दुसऱ्या श्रेणीच्या (प्रत्येक ड्रायव्हरच्या वाटेवर कॅपॅसिटर आणि कॉइल दोन्ही असलेल्या) क्रॉसओव्हरमध्ये सीमेजवळ दोन्ही ड्रायव्हरांची कला (फेज) एकमेकांच्या उलट होते, म्हणून रचनाकार ट्वीटर मुद्दाम उलटा जोडतात. दुरुस्त करणाऱ्याला ती चूक वाटते आणि तो ‘सरळ’ करतो. मग सीमेच्या आसपास आवाजात खड्डा पडतो. फोटो बघा आणि मूळ जोडणी परत आणा.

१५. आत पत्र्याचे सीलबंद डबे आहेत, तेलाचे म्हणतात ते. धोका आहे का?

असू शकतो. क्लिप्शच्या जुन्या ला स्काला किंवा हेरेसीसारख्या स्पीकरांत असे कॅपॅसिटर आहेत. त्या काळच्या तेलांत पीसीबी हे विषारी रसायन वापरले जाई. अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. डबा सुका आणि शाबूत असेल तर मोजून राहू द्यायला हरकत नाही. तेलकट ओघळ दिसला तर हातमोजे घालून काढा, पिशवीत बंद करा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या. कापून आत काय आहे ते बघू नका.

१६. माझ्याकडे एआर-३ए (अकूस्टिक रिसर्च कंपनीचे स्पीकर) आहेत. ट्वीटर मंद आहे, कॅपॅसिटरच ना?

आधी मागच्या बाजूचे पातळीचे दोन फिरकी नियंत्रक तपासा. १९६७ साली आलेल्या या स्पीकरात तेच पहिल्यांदा गंजतात. फिरवताना खरखर होत असेल, किंवा एका ठिकाणी आवाज येऊन लगेच जात असेल, तर दोष तिथला. काढून, उघडून, तारेचे वेटोळे आणि त्यावरून फिरणारी पट्टी घासून साफ केली तर बरेचसे परत चालतात. त्यानंतर कॅपॅसिटर मोजा: ट्वीटरला ६, मिडरेंजला (मधला आवाज वाजवणारा ड्रायव्हर) ५०, वूफरला १५० मायक्रोफॅरड. १५० च्या जागी नवा इलेक्ट्रोलिटिकच योग्य, कारण प्रश्न ९ मध्ये आहे. हा बंद डब्याचा स्पीकर आहे, म्हणून प्रश्न १३ मधले लांबीचे सांगणे इथे काटेकोर पाळा.

१७. कोणत्या स्पीकरांना हे सगळं लागू नाही?

बीबीसीच्या एलएस३/५ए च्या मूळ १५ ओहमच्या आवृत्तीत फिल्म कॅपॅसिटर आहेत, आणि ट्वीटरची पातळी त्या-त्या नगाप्रमाणे टॅप (ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यावरून काढलेले जोडणीचे टोक) निवडून जुळवलेली आहे. तो क्रॉसओव्हर कारणाशिवाय उघडू नका.

बोस ९०१ मध्ये क्रॉसओव्हरच नाही. नऊ सारखे ड्रायव्हर आहेत आणि आवाजाची घडण वेगळ्या इक्वलायझरच्या डब्यात होते. वाळलेले कॅपॅसिटर तिथे शोधायचे. तो डबा विजेवर चालतो, हे लक्षात ठेवा.

क्वाडचा १९५७ सालचा इलेक्ट्रोस्टॅटिक हा तर वेगळाच प्राणी. त्याच्या आत सुमारे ६००० व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही काही काळ ते टिकतात. उच्च दाबाचे काम येणाऱ्या माणसाकडेच तो द्या. स्वतःचा ॲम्प्लिफायर आत असलेल्या कुठल्याही स्पीकरच्या वीजपुरवठ्याच्या भागालाही हेच सांगणे.

१८. कॅपॅसिटर बदलला तरी ट्वीटर गप्पच आहे.

ट्वीटर सोडवून त्याच्या टोकांवर रोध मोजा. ८ ओहमच्या ट्वीटरला साधारण ६ ओहम दिसायला हवा. काहीच दिसत नसेल तर कॉइल तुटली आहे. रोध ठीक असेल तर क्रॉसओव्हरवरचा पांढरा सिमेंटचा रोधक तपासा. तोही जळतो, आणि जळलेला बाहेरून अगदी धडधाकट दिसू शकतो.

१९. नवे कॅपॅसिटर शंभर तास वाजवल्यावर ‘मुरतात’ म्हणे?

फिल्म कॅपॅसिटर पहिल्या दिवशी आणि महिन्याने मोजला तरी आकडा तोच येतो. या काळात बदलते ते आपले ऐकणे. शंभर तासांनीही आवाज टोचत असेल तर वाट बघत बसू नका, प्रश्न ९ मधला रोधक लावा.

२०. कॅपॅसिटरवरचा आकडा पुसला गेलाय आणि आकृतीही मिळत नाही. काय करू?

दुसऱ्या डब्यातला बघा, तिथे बहुधा शाबूत असतो. तोही पुसलेला असेल तर दोन्ही डब्यांतले मोजा, आणि शेजारच्या कॉइलची किंमत व ट्वीटरचा रोध यांवरून सीमा कुठे पडते ते काढा. मोजलेला आकडा वर सरकलेला असण्याची शक्यता धरून जवळच्या दोन-तीन किमती तात्पुरत्या जोडून ऐका. ८ ओहमच्या ट्वीटरसाठी हिशोबाने सीमा १५०० हर्ट्झच्या खाली येत असेल तर तो आकडा नक्की चुकीचा आहे. ट्वीटर जोडून बघण्याआधी थांबा.

२१. बदलल्याने जुन्या स्पीकरची किंमत कमी होते का?

ज्याला वाजवायचा आहे त्याच्या लेखी वाढते. संग्राहकाला मूळ भाग हवे असतात, म्हणून काढलेले कॅपॅसिटर पिशवीत घाला, प्रत्येकावर त्याची जागा, मोजलेली किंमत आणि तारीख लिहा, आणि पिशवी डब्याच्या आतल्या बाजूला वूफरच्या कोनाला घासणार नाही अशी चिकटवा. गळणारे किंवा तेलाचे त्यात ठेवू नका, त्यांचे काय करायचे ते प्रश्न १५ मध्ये आहे.